एकाच मरणाचे चार जबाब : ‘ऊरुभंगा’तला दुर्योधन

दोन्ही मांड्या फुटलेला एक राजा रणांगणावर पडलेला आहे. तो वाचणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि बघणाऱ्यांनाही. मरेपर्यंतच्या थोड्या वेळात त्याच्याकडे माणसं येतात: गदा शिकवणारा गुरू, आंधळे वडील, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई, दोन राण्या, लहान मुलगा आणि शेवटी एक सूडाने पेटलेला मित्र. हे काय झालं, कुणी केलं, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात आहे. राजा उत्तर देतो, पण एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याला देत नाही. भासाच्या ‘ऊरुभंग’ या एकांकी नाटकातली ही परिस्थिती. दुर्योधनासारखा माणूस, ज्याच्याबद्दल प्रेक्षकाचं मत नाट्यगृहात शिरण्याआधीच ठरलेलं असतं, तो इथे गुंतागुंतीचा कसा होत जातो हे या उत्तरांच्या मागोमाग गेलं की दिसतं. त्या उत्तरांना मी जबाब म्हणतो. प्रत्येक जबाब समोरचा माणूस पाहून दिलेला आहे, आणि कुठला खरा धरायचा हे भास सांगत नाही.

नाटकाची पूर्वपीठिका थोडक्यात. भासाचं नाव कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत आदराने घेतलं होतं, पण नाटकं हरवली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रावणकोर संस्थानात टी. गणपतिशास्त्री यांना मल्याळम लिपीतल्या ताडपत्रांवर जुनी नाटकं सापडली. 1912 पासून त्यांनी ती त्रिवेंद्रम संस्कृत मालेत छापली. ही तेरा नाटकं खरंच भासाची का, यावर विद्वानांचा वाद आहे. इथे त्यात शिरायचं कारण नाही. मी रूढीप्रमाणे भास म्हणतो. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये हा संस्कृत नाटकाचा संकेत, आणि ‘ऊरुभंगा’त नायक प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो. एवढ्यावरून पुष्कळ जण याला संस्कृतमधली दुर्मीळ शोकांतिका म्हणतात. मला वाटतं शोकांतिका ठरायला फक्त मरण पुरत नाही. मरणाऱ्या माणसाचं स्वतःबद्दलचं म्हणणं आपल्यासमोर घडावं आणि मोडावं लागतं. ते इथे होतं.

मूळ महाभारतात हा प्रसंग कसा आहे ते आधी पाहायला हवं, कारण भासाची कारागिरी त्याने काय बदललं यातच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती हाताशी असेल तर शल्यपर्वाचा शेवट काढून पाहावा. तिथला दुर्योधन पडल्यावरही कडवट आहे. तो कृष्णाला कपटांची यादी ऐकवतो, माझ्यासारखा चांगला शेवट कुणाचा झाला असं विचारतो, आणि त्याच्यावर फुलं पडतात. पुढे तो अश्वत्थाम्याला सेनापती करतो, आणि सौप्तिकपर्वात झोपलेल्यांच्या कत्तलीची बातमी ऐकून समाधानाने मरतो. म्हणजे व्यासांचा दुर्योधन शेवटपर्यंत एकच आहे. तो भव्य आहे, पण त्याला कुणी हलवत नाही. भासाने त्याच्याभोवती घर आणलं. दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण महाभारतात आधीच अभिमन्यूच्या हातून मारला गेलेला असतो. दुर्जय हे बापाला शोधत फिरणारं पोर, मालवी आणि पौरवी या राण्या, सगळं कुटुंब रणांगणावर चालत येणं, हे भासाचं.

आधी ऐकू येतो, मग दिसतो

दुर्योधन बराच वेळ रंगमंचावर येतच नाही. आधी येतात तीन सैनिक, ते रणांगण पाहत हिंडतात, आणि भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध आपल्याला त्यांच्या तोंडून कळतं. हे सैनिक कुणाचीच वकिली करत नाहीत. भीम डोक्यावर घाव बसून कोसळतो तेव्हा दुर्योधन पडलेल्या शत्रूवर गदा उगारत नाही, भिऊ नकोस म्हणतो. मग कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण करतो आणि भीम नियम मोडून मांड्यांवर प्रहार करतो. दुर्योधन स्वतः एक शब्द बोलण्याआधीच प्रेक्षकाच्या मनातला तराजू थोडा हललेला असतो, आणि तो हलवणारे लोक तटस्थ आहेत. हेच जर दुर्योधनाने स्वतः सांगितलं असतं तर आपण म्हटलं असतं, हा काय, सांगणारच.

मग दुर्योधनाचा गदेचा गुरू बलराम येतो, संतापाने धुमसत, आणि त्याच्या पाठोपाठ दुर्योधन. तो चालत येत नाही. हातांनी जमीन ओढत, स्वतःचं अर्धं मेलेलं शरीर वाहत येतो. पहिल्याच श्लोकात तो तसं म्हणतो: ‘भूमौ भुजाभ्यां परिकृष्यमाणं स्वं देहमर्धोपरतं वहामि’. बलराम त्याचं वर्णन करतो तेव्हा दोन चित्रं शेजारी ठेवतो. अंगावर रक्ताचं चंदन, धुळीने लाल झालेले बाहू, रांगणाऱ्या बाळासारखी गत, हे एक. आणि समुद्रमंथन संपल्यावर देव-दानवांनी दमवून टाकून दिलेला वासुकी, हे दुसरं. एकाच श्लोकात तो बाळही आहे आणि महासर्पही. त्यातल्या रांगण्याकडे लक्ष ठेवावं, कारण थोड्याच वेळात खरं मूल येणार आहे.

पहिला जबाब : बलरामाला

बलरामाला नांगर उचलून पांडवांचा नाश करायचा आहे. त्याला अडवायला दुर्योधन जे बोलतो ते वरवर पाहता क्षमेचं वाटतं. भीमाची प्रतिज्ञा पुरी झाली, शंभर भाऊ स्वर्गाला गेले, मी असा पडलो, आता भांडून काय होणार? कुरुकुळाला तर्पणाचं पाणी देणारे पांडव तेवढे तरी जगू देत. वैर, भांडणाच्या गोष्टी आणि आम्ही, सगळं संपलं.

इथे थांबलं असतं तर एक पश्चात्तापदग्ध खलनायक मिळाला असता, आणि भास सामान्य नाटककार ठरला असता. बलराम मात्र म्हणतो की तुला कपटाने जिंकलं. त्यावर दुर्योधन उसळून सांगतो: ‘यद्येवं समवैषि मां छलजितं भो राम नाहं जितः’. कपटाने जिंकलं असं तुम्हीच मानता ना, मग मी हरलोच नाही. अर्ध्या मेलेल्या देहातून हे वाक्य येतं. आणि पुढे तर तो भीमालाही श्रेय देत नाही: जगाचा लाडका हरी त्या गदेत शिरला आणि त्याने मला मृत्यूच्या हाती दिलं.

क्षमा करणारा आणि ‘मी हरलो नाही’ म्हणणारा ही दोन माणसं नाहीत, आणि हा या पात्राच्या गाभ्याचा मुद्दा आहे. भीमाला माफ करणं दुर्योधनाला परवडतं, कारण त्याच्या हिशेबात भीमाने त्याला मारलेलंच नाही. मारायला देव लागला. भासाने त्याचा गर्व काढून घेऊन जागी नम्रता बसवली नाही. तोच गर्व त्याने क्षमेच्या कामाला लावला. सद्गुण आणि दोष वेगळे काढता येत नाहीत अशी ही घडण आहे, आणि तिच्यामुळेच पुढच्या प्रत्येक वाक्याकडे आपण थोड्या संशयाने आणि थोड्या मायेने पाहू लागतो.

मांडी

आता धृतराष्ट्र, गांधारी, राण्या आणि दुर्जय येतात. आंधळ्या आजोबांना आणि पट्टी बांधलेल्या आजीला काही दिसत नाही. दुर्योधन कुठे पडला आहे ते शोधायचं काम मुलावर येतं. मूल म्हणतं मी दमलो. आजोबा म्हणतात जा, बापाच्या मांडीवर विसावा घे.

प्रेक्षकाला ठाऊक आहे त्या मांड्यांचं काय झालं. धृतराष्ट्राला ठाऊक नाही. आजवर आईबापांनी आणि आजोबांनी हजार वेळा सहज म्हटलेलं हे वाक्य आहे, त्यात एकही अवघड शब्द नाही, आणि रणांगणावर ते एखाद्या प्रहारासारखं पडतं. भासाचं मोठेपण मला इथे सर्वांत जास्त जाणवतं. मोठी उपमा नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. दमलेलं पोर आणि त्याची नेहमीची जागा.

दुर्जय बापाला शोधून काढतो आणि मांडीवर बसायला जातो. दुर्योधन त्याला अडवतो. का अडवता, असं मूल विचारतं. बाप सांगतो की बाळा, ही ओळखीची जागा सोड, आता कुठेही बस. तू आजवर वापरलेलं हे आसन आजपासून नाही. सिंहासन गेलं, राज्य गेलं, शंभर भाऊ गेले, त्यांचा उल्लेख तो सरळ आवाजात करू शकतो. मुलाच्या बसायच्या जागेबद्दल बोलताना मात्र त्याचा आवाज बदललेला आहे. मूल पुढे विचारतं, महाराज कुठे निघाले? शंभर भावांकडे. मग मलाही न्या. यावर बाप म्हणतो, जा बाळा, वृकोदराला, म्हणजे भीमाला, जाऊन सांग. या उत्तरातला कडवटपणा आणि असहायपणा वेगळा करता येत नाही. नटाने दोन्ही एका श्वासात आणायला हवेत.

याच मांडीचा दुसरा इतिहास प्रत्येक प्रेक्षक घेऊन आलेला असतो. द्यूतसभेत दुर्योधनाने द्रौपदीला डावी मांडी उघडी करून दाखवली आणि भीमाने ती फोडायची प्रतिज्ञा केली. नाटकाचं नावच त्या प्रतिज्ञेवर उभं आहे. पुढे दुर्योधन आपले अपराध मोजतो तेव्हा द्रौपदीचे ओढलेले केस सांगतो, अभिमन्यूचा वध सांगतो, कपटाच्या फाशांनी पांडवांना वनात धाडलं ते सांगतो. मांडी दाखवल्याचं सांगत नाही. नाटककार ते विसरला असेल हे मला पटत नाही. जी गोष्ट त्या माणसाच्या तोंडून निघू शकत नाही ती भासाने लहान मुलाकडून रंगमंचावर आणली. अपमानासाठी उघडी केलेली मांडी आणि मुलाच्या विसाव्याची मांडी एकच होती, हे कुणीही न बोलता प्रेक्षकाला उमगतं.

केसांचंही असंच. राण्या रणांगणावर येतात तेव्हा दुर्योधन म्हणतो की गदेच्या घावाचं दुःख मला आधी कळलं नव्हतं, आता कळतंय, कारण माझ्या अंतःपुरातल्या स्त्रिया डोक्यावरचा पदर ढळलेल्या, उघड्या केसांनी रणात आल्या. द्रौपदीला केस धरून भरसभेत ओढत आणवणाऱ्या माणसाला वेदना जाणवते ती आपल्या घरच्या स्त्रियांचे उघडे केस पाहून. इथे तो द्रौपदीचं नाव घेत नाही. त्याला तो दुवा दिसला की नाही हे भास उघड करत नाही, आणि बरं करतो. काही वेळाने त्याच्याच यादीत तिचे केस पहिल्या ओळीत येतात तेव्हा तो दुवा मधल्या काळात कुठेतरी जुळला असं आपल्याला वाटतं.

वडिलांच्या पाया पडायला तो उठू पाहतो आणि कोसळतो. हा माझ्यावरचा दुसरा प्रहार, असं तो म्हणतो. भीमाने दोन मांड्यांबरोबर वडिलांच्या चरणांचं वंदनही हिरावून नेलं. हा श्लोक ध्यानात ठेवावा, त्याची पुनरावृत्ती पुढे येणार आहे. आईला तो फक्त एक मागणं मागतो: माझं काही पुण्य असेल तर पुढच्या जन्मीही तूच माझी आई हो. इथे मरणाबद्दल जबाब नाही. आईला तो काहीच समजावत नाही.

दुसरा आणि तिसरा : मालवीला, मुलाला

मालवीला मात्र समजावतो. तिला तो आपल्या जखमा दागिन्यांसारख्या दाखवतो: छातीवरच्या रक्ताने हाराची जागा घेतली, बाहूंवरच्या व्रणांची सोन्याची बाहुभूषणं झाली, तुझा नवरा पाठ फिरवून मेला नाही, क्षत्रिये, रडतेस कशाला? भाषा अलंकारांनी लखलखते. मालवी साध्या प्राकृतात एवढंच उत्तर देते: मी कोवळ्या वयाची आहे, तुमची सहधर्मचारिणी आहे, म्हणून रडते. त्याच्या सगळ्या वीररसाला ते एक वाक्य पुरून उरतं. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि स्त्रिया प्राकृत, हा रूढ संकेत आहे. भासाने त्यातून दोन प्रकारचं सत्य समोरासमोर उभं केलं.

मुलाला दिलेला जबाब वेगळा. अभिमानाने पेटलेल्या हृदयाचा दुर्योधन माझा बाप, तो रणात बरोबरीच्या योद्ध्यासमोर उभा राहून पडला, असं मनाशी म्हणून शोक सोड, असं तो दुर्जयाला सांगतो. बलरामाला सांगितलेलं कपट इथे नाही, गदेत शिरलेला हरीही नाही. भीम आता बरोबरीचा झाला आहे. कारण उघड आहे. या मुलाला पांडवांच्या राज्यात वाढायचं आहे. म्हणूनच पुढची आज्ञा येते: पांडवांची सेवा माझी करावी तशी कर, कुंतीचा शब्द पाळ, अभिमन्यूच्या आईला आणि द्रौपदीला आईसारखं मान. आणि युधिष्ठिराच्या उजव्या हाताला हात लावून, पांडवांच्या सोबतीने मला तिलांजली दे. सुईच्या टोकावर राहील एवढी जमीन द्यायला नकार देणारा माणूस मुलाच्या वाटेतून वैर उचलून बाजूला ठेवतो. इथे मला त्याच्याबद्दल शंका राहत नाही. तो जे बोलतो ते पूर्ण खरं नसेल, पण त्यामागचं प्रेम पूर्ण खरं आहे.

चौथा : अश्वत्थाम्याला

अश्वत्थामा येतो आणि सरळ विचारतो, कुरुराज, हे काय? दुर्योधन दोन शब्दांत उत्तर देतो. ‘फलमपरितोषस्य.’ असंतोषाचं फळ.

आतापर्यंतच्या प्रत्येक जबाबात कुणीतरी दुसरा होता: देव, बरोबरीचा योद्धा, क्षत्रियाचं मरण. इथे पहिल्यांदा कारण त्याच्या स्वतःच्या आत आहे. आणि हे तो वडिलांना सांगत नाही, गुरूला सांगत नाही, सूडासाठी निघालेल्या माणसाला सांगतो. ज्याला खोटं सांगून धीर द्यायची गरज नाही असा समोर हा एकटाच आहे, म्हणून असेल. सगळे राजे धरणीच्या कुशीत गेले, कर्ण गेला, भीष्म कोसळले, भाऊ गेले, आम्ही असे झालो. गुरुपुत्रा, धनुष्य ठेव, असं तो विनवतो.

अश्वत्थाम्याचं उलट उत्तर म्हणजे रचनेचा एक अचूक घाव आहे. भीमाने गदा मारताना दोन मांड्यांबरोबर तुझा दर्पही हिरावून नेला, असं तो म्हणतो. वडिलांच्या पाया पडता आलं नाही तेव्हा दुर्योधनाने उच्चारलेला श्लोक जवळजवळ त्याच शब्दांत परत आला आहे. फक्त चरणवंदनाच्या जागी दर्प बसला. मुलाचं दुःख आणि योद्ध्याची हेटाळणी एकाच साच्यातून काढल्याने दोन्ही एकमेकांवर आदळतात.

दुर्योधन चिडतो. राजांचं शरीर मानाचं बनलेलं असतं, मी मानासाठीच हे वैर पत्करलं, असं तो बजावतो. आणि लगेच, त्याच दमात, अपराधांची ती यादी: द्रौपदीचे केस, बालक अभिमन्यू, वनवास. या मानाने त्यांनी माझं केलं ते थोडंच नाही का, विचार कर. मान आणि कबुली इतकी जवळ ठेवलेली मी दुसऱ्या कुठल्या शोकान्त नायकात पाहिली नाही. ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपस राजाचं सत्य बाहेरून, साक्षीदारांकडून, ओढून काढावं लागतं. दुर्योधन ते स्वतः बोलतो, आणि बोलताना मान खाली घालत नाही.

अश्वत्थामा ऐकत नाही. रात्री शत्रूवर तुटून पडायची शपथ तो घेतो, आणि जाता जाता दुर्जयाला, अभिषेकावाचून, केवळ ब्राह्मणाच्या वचनाने राजा करून टाकतो. पांडवांची सेवा कर असं ज्या मुलाला आत्ताच सांगितलं, त्यालाच. यावर दुर्योधनाने नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणतो, माझ्या मनात होतं तेच झालं. या एका ओळीवर नाटकाचा तोल उभा आहे. काही वाचक ती मुलाबद्दलच्या मायेची मानतात, काही जुन्या राज्यतृष्णेची. मला ती दोन्हींची वाटते, आणि म्हणून शेवटच्या क्षणी हा माणूस संत झाला असं म्हणायला भास जागा ठेवत नाही.

मग दर्शनं सुरू होतात. शंतनू आणि पूर्वज, कर्णाला पुढे करून उठलेले शंभर भाऊ, ऐरावताच्या मस्तकावर इंद्राचा हात धरून बसलेला अभिमन्यू, अप्सरा, हंसांचं विमान. या स्वागतात एकच जण वेगळा आहे. अभिमन्यू रागाने बोलतो आहे. दुर्योधनाच्या स्वतःच्याच मरणभ्रमातसुद्धा त्या पोराने त्याला माफ केलेलं नाही, आणि त्या रागासमोरूनच तो ‘हा आलो’ म्हणत जातो.

धृतराष्ट्र तपोवनाची वाट धरतो. अश्वत्थामा बाण हाती घेऊन झोपलेल्या छावणीकडे निघतो. बलरामाचा नांगर ‘मी हरलोच नाही’ या गर्वाच्या जबाबाने थांबला होता. असंतोषाची खरी कबुली ज्याला दिली, तो मात्र थांबला नाही.